कामगारांच्या दुःखात पदरची भर कशाला?

अमेरिकेतील सार्वजनिक नभोवाणीने कथारूप पत्रकारितेचा एक प्रकार रूढ केला आणि पॉडकास्टमधून तो पुढे जगभर पोहोचला. त्याच्या चाहत्या श्रोत्यांत एक मत वारंवार ऐकू येते: गोष्टीचे सार खरे असेल, तर तपशिलाची चिकित्सा करीत बसू नये. हे मत मांडणारे बहुधा पुरोगामी असतात, म्हणूनच त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

‘दिस अमेरिकन लाइफ’ या शिकागोच्या कार्यक्रमाने ६ जानेवारी २०१२ रोजी माइक डेझी या रंगकर्मीचे निवेदन ऐकविले. चीनमधील शेन्झेन येथे अ‍ॅपलची उपकरणे जुळविणाऱ्या फॉक्सकॉनच्या दारात आपण गेलो. तेथे बारा-तेरा वर्षांचे कामगार भेटले. हेक्झेनच्या वाफांनी हात थरथरणारे कामगार भेटले. यंत्रात हात चिरडलेल्या एका वृद्धाने आयपॅड प्रथमच चालू झालेला पाहिला आणि त्याला जादू म्हटले, असे ते निवेदन. श्रोते हेलावले. तो भाग आठ लाख ऐंशी हजारांहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला. एका श्रोत्याने अ‍ॅपलला उद्देशून काढलेल्या अर्जावर दोन लाखांवर सह्या झाल्या.

पुढे रॉब श्मिट्झ या शांघायस्थित नभोवाणी बातमीदाराने डेझीची दुभाषी बाई शोधून काढली. (तिचा दूरध्वनी आता लागत नाही, असे डेझीने निर्मात्यांना सांगितले होते, आणि त्यांनी ते मानलेही!) तिच्या सांगण्याप्रमाणे हेक्झेनबाधित कामगार भेटलेच नव्हते, पहारेकऱ्यांपाशी बंदुका नव्हत्या, आयपॅडचा तो प्रसंग घडलाच नव्हता. १६ मार्चला कार्यक्रमाने एक सबंध भाग खर्चून ते निवेदन जाहीरपणे मागे घेतले.

रंगभूमीची साधने निराळी, हा डेझीचा बचाव. नाट्यगृहात तो कदाचित चालून जाईल. बातमी म्हणून ऐकणाऱ्यापुढे तो टिकत नाही. पण त्याची कड घेणारे श्रोते विचारतात, “विषबाधा तर झालीच होती ना?” झाली होती. सुचौ येथील विन्टेकच्या कारखान्यात ती १३७ कामगारांना झाली आणि अ‍ॅपलनेच २०११ मध्ये ती मान्य केली. पडदे पुसण्यास अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरले की ते लवकर सुकते आणि उत्पादन वाढते, एवढ्यासाठी माणसांच्या मज्जातंतूंचा बळी गेला. मग त्या १३७ जणांकडे जाऊन त्यांची कैफियत ऐकावयाची, की त्यांचे दुखणे उचलून शेकडो मैल दूरच्या आपल्या प्रवासवर्णनात बसवावयाचे? दुसऱ्या प्रकारात नायक निवेदकच होतो; आजारी कामगार त्याच्या करुणेचे नेपथ्य म्हणून उरतात. शिवाय उद्या सुचौचा कामगार खरे सांगू लागला, तर “हाही त्यातलाच” म्हणावयाची सोय मालकपक्षाला आयती होते. ती आपल्याच बाजूच्या माणसाने करून द्यावी, याला काय म्हणावे?

खऱ्या पुराव्याची चणचण होती म्हणावे, तर तेही नाही. निवेदन मागे घेतल्यानंतर तेराच दिवसांनी, २९ मार्चला, फेअर लेबर असोसिएशनचा अहवाल आला. ही संस्था काही कामगारांची नव्हे. अ‍ॅपल स्वतःच तिची सभासद होती. तरीही फॉक्सकॉनच्या तीन कारखान्यांतील पस्तीस हजारांवर कामगारांना विचारून तिने नोंदविले, की आठवड्याचे काम साठ तासांपलीकडे जाते आणि चीनच्या कायद्याची मर्यादाही मोडली जाते. अ‍ॅपलला त्या शिफारशी स्वीकाराव्या लागल्या. अर्जावर सह्या करणाऱ्या श्रोत्यांनी तो रूक्ष अहवालही तितक्याच आस्थेने वाचावयास हवा होता.