अंतराळातली प्रयोगशाळा उसाच्या फडात

मंगळाच्या वाटेवर अंतराळवीर आजारी पडला, तर त्याचे रक्त तपासायला कुठे पाठवणार? मंगळावरून निघालेला रेडिओ संदेशच पृथ्वीवर पोहोचायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे लागतात. रुग्णाला माघारी आणायचे तर कित्येक महिने. यानात जागा मोजकी, वीज मोजकी आणि पॅथॉलॉजिस्ट नाहीच. म्हणून अंतराळ संशोधनाने उलटा मार्ग धरला. नमुना प्रयोगशाळेकडे न्यायचा नाही, तळहातावर मावणारी प्रयोगशाळाच नमुन्याजवळ आणायची.

तिचे नाव ‘लॅब ऑन चिप’. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर केसाएवढ्या रुंदीच्या वाटा कोरलेल्या असतात. एखादा थेंब त्यांतून सरकतो, आत ठेवलेल्या रसायनात मिसळतो आणि उपकरण निकाल दाखवते. एवढ्या अरुंद वाटेत गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाचा जोर अधिक चालतो. त्यामुळे वजनरहित अवस्थेतही थेंबाला हवे तिकडे नेता येते. सुनीता विल्यम्स यांनी २००७ मध्ये अंतराळ स्थानकात असेच उपकरण वापरून पृष्ठभागांवरील जिवाणूंचा माग काढला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आर्टेमिस-१’सोबत गेलेल्या ‘बायोसेंटिनल’ या छोट्या यानात अशाच पट्ट्यांमध्ये यीस्टच्या पेशी होत्या. किरणोत्साराचा सजीवांवरील परिणाम तपासायचा होता. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि इस्रो यांनीही अंतराळात जिवाणू वाढवून त्यांच्यावर आपोआप लक्ष ठेवणारी पेटी तयार केली आहे.

बीडकरांनी हे का वाचावे? कारण डॉक्टर दूर, वीज बेभरवशाची आणि परतायला काही महिने, ही स्थिती आपल्या ओळखीची आहे. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागांतून ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. मुक्काम कोपीत. तपासणीला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि खाडा भरावा लागतो.

तपासणीविना काय होते, हे २०१९ मध्ये दिसले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पोटदुखी, पांढरे जाणे, जास्त रक्तस्राव अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना कॅन्सरची भीती घातली गेली. जंतुसंसर्ग आहे की आणखी काही, हे तपासून औषध देण्याआधीच शस्त्रक्रियेचा निर्णय झाला.

फडापर्यंत पोहोचणारे तंत्रज्ञान आज आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र चिपवर क्षयरोगाच्या जंतूची जनुकीय तपासणी करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. बोटातला थेंब आपोआप ओढून घेणाऱ्या इवल्या पट्टीवर हिमोग्लोबिन मिनिटभरात कळते.

पण केवळ यंत्रे खरेदी करून भागणार नाही. चिप संपली की यंत्र कपाटात जाते आणि निकालानंतर औषध मिळाले नाही, तर निकाल हा नुसता कागद उरतो. क्षयरोगाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे, गळीत हंगामही जवळपास तेवढाच. म्हणून गाड्या सुटण्याआधी गावात तपासणी, हंगामात कारखान्याच्या तळावर फिरते पथक आणि ‘निक्षय’ क्रमांकासारखी मजुराबरोबर जाणारी नोंद, या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. खर्चाचा वाटा कारखान्यांनी उचलावा. मजूर त्यांच्याच उसासाठी घर सोडतो.

अंतराळवीराला यानात बसवण्याआधी त्याच्या तब्येतीची काळजी कोण घेणार, हे ठरलेले असते. कोयत्याला उचल देतानाही ते ठरलेले असावे.