शहरांचा शेजारधर्म

प्रादेशिक एकीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राष्ट्राध्यक्ष, करारनामे आणि जकातीचे तक्ते उभे राहतात. महापौर कोणाला आठवत नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, आणि दक्षिण अमेरिकेच्या उदाहरणावरून ती स्पष्ट दिसते.

२६ मार्च १९९१ रोजी अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे आणि उरुग्वे यांनी असुन्सिओन येथे करार करून 'मेर्कोसुर' ही सामाईक बाजारपेठ स्थापण्याचे ठरविले. त्यात व्यापाराचा विचार होता, नगरांना स्थान नव्हते. म्हणून १९९५ साली त्याच असुन्सिओनमध्ये रोझारिओ, पोर्तो आलेग्रे, माँटेव्हिडिओ आदी शहरांनी 'मेर्कोसिउदादेस' हा शहरांचा संघ उभारला. आज त्यात तीनशेहून अधिक शहरे आहेत.

यावर कोणी म्हणेल, परराष्ट्रधोरण हे केंद्र सरकारचे काम. नगरपालिकेने दिवे आणि गटारे पाहावीत! आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण उरुग्वेचे रिव्हेरा आणि ब्राझीलचे सांताना दो लिव्ह्रामेंतो ही जोडशहरे पाहा. मध्ये नदी नाही, कुंपण नाही. सीमा रस्त्यावरून आणि एका चौकातून जाते. इथला डास कोणत्या देशाचा? रात्री पोटात कळ आलेल्या माणसाने जवळचा दवाखाना सोडून दूरचा का गाठावा? सीमेवरील रहिवाशांना पलीकडे राहण्याची, शिकण्याची व काम करण्याची मुभा देणारा करार या दोन देशांनी २००२ मध्ये केला. आरोग्यसेवेची पुरवणी त्याला २००८ मध्ये जोडली. म्हणजे मेर्कोसुरच्या करारानंतर अनुक्रमे अकरा आणि सतरा वर्षांनी! गटारे पाहणाऱ्याला जे रोज दिसत होते, ते राजधान्यांना दिसायला इतका काळ लागला.

२००४ साली मेर्कोसुरने नगरपालिका व प्रांतांसाठी एक मंच निर्माण केला. पण त्याचे काम सल्ला देण्यापुरतेच. सल्ला ऐकण्याचे बंधन नसेल, तर अशा मंचाचा सत्कारसमारंभ व्हायला वेळ लागत नाही. शिष्टमंडळे येतात, हार घातले जातात, छायाचित्रे निघतात आणि चौकातला कचरा तिथेच राहतो.

शहरांनी स्वतंत्र परराष्ट्रधोरण चालवावे, असे मी म्हणत नाही. निर्णय राष्ट्रांनीच घ्यावेत. मात्र सीमेवरच्या गावाचा प्रश्न त्या गावाला विचारल्यावाचून सुटू नये, त्याचे म्हणणे फेटाळले तर कारण लेखी द्यावे, आणि दोन्ही बाजूंच्या पालिकांना सामाईक खर्चाची मोकळीक असावी. एवढेही जमणार नसेल, तर एकीकरण हे मालाचे झाले. माणसांचे व्हायचे राहिले.