विहिरीचे पाणी कोणाचे?

वर्गात एकदा ‘पाणथळ’ या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा एका विद्यार्थिनीने ‘पीक न येणारी जमीन’ असे उत्तर दिले. तिचे आजोळ शिरोळ तालुक्यातले. तिचे उत्तर चूक ठरविण्याचे धैर्य मला झाले नाही. उसाला वर्षानुवर्षे पाटाने पाणी सोडून तिकडे मोठे क्षेत्र क्षारपड झाले आहे. जमिनीच्या पोटात नळ्या पुरून निचरा करणे, एवढाच तेथील शेतकऱ्यापुढचा मार्ग. बदकांची आणि बगळ्यांची पाणथळ त्याला कोणत्या तोंडाने सांगावी?

याच शब्दाची दुसरी बाजू स्पेनमध्ये दिसते. ग्वादलक्विवीर नदीच्या मुखाशी दोन्याना हे युरोपातील एक प्रमुख पाणथळ क्षेत्र आहे. त्याच्या शेजारी वेल्व्हा प्रांतात प्लास्टिकच्या आच्छादनाखाली स्ट्रॉबेरी पिकते आणि निर्यात होते. तिच्यासाठी परवानगीने, तशाच परवानगीवाचूनही, इतके भूजल उपसले गेले, की २०२१ साली युरोपीय न्यायालयाने स्पेनला दोषी ठरविले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दोन्यानातले सर्वांत मोठे कायमस्वरूपी तळे, सांता ओलाया, कोरडे पडले. तळ्यात पंप कोणीच लावला नव्हता. पंप होते ते दूरच्या शेतांत, ज्याच्या त्याच्या मालकीच्या जागेत.

खरी मेख या मालकीत आहे. आपल्याकडे १८८२ च्या ईझमेंट कायद्याने जमीनधारकाला, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे, आपल्या हद्दीतील जमिनीखालचे पाणी काढून घेण्याचा हक्क दिला. पाणी बांध ओळखत नाही, कायदा मात्र बांधापाशी थांबतो. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला, साठ मीटरांहून खोल विहिरींवर त्याने निर्बंधही घातले. पण ‘माझी विहीर, माझे पाणी’ हे वाक्य आमच्या बोलण्यातून कोणत्या अधिनियमाने जाणार?

मराठी साहित्याकडे पाहिले तर, पाणी कोणी भरावे हा प्रश्न त्याने विचारला आहे. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर तो टाळणे शक्यही नव्हते. पण किती उपसावे, हा प्रश्न आमच्या कथाकादंबऱ्यांत अपवादानेच येतो. विहीर आटली की आमचा नायक आकाशाकडे पाहतो. शेजारच्या बोअरकडे त्याची नजर क्वचितच जाते. याचा दोष मी ग्रामीण लेखकांना देणार नाही, कारण भूजल डोळ्यांना दिसत नाही आणि साहित्याला दिसण्याची सवय आहे.

तरीही ‘शेतकरी विरुद्ध पक्षी’ ही वृत्तपत्री मांडणी मला मान्य नाही. नांदूर मधमेश्वर हे रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले ठिकाण निफाडच्या द्राक्षबागांच्या सान्निध्यात आहे, आणि ते जलाशयही शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच झाले. तेथे पक्षी आणि पीक एकाच पाण्यावर जगतात. द्राक्षे युरोपला जातात तेव्हा ते पाणीही पेट्यांतून जाते, आणि त्याची किंमत बिलात धरलेली नसते.

आमच्या वेदगंगेच्या काठी पाऊस उदंड, म्हणून हा प्रश्न आपला नव्हे असे गारगोटीत सहज म्हटले जाते. पुढच्या वर्षी त्याच वर्गात मी ‘उपसा’ या शब्दाचा अर्थ विचारणार आहे.