यादी उमेदवारांची, सह्या कुणाच्या?

शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, गैरप्रकारात अपात्र ठरलेल्यांची यादी 2022च्या ऑगस्टमध्ये बाहेर आली, तेव्हा नाशिक जिल्हा राज्यात पहिला आला होता. 1,154 नावे. धुळे 1,002 नावांसह मागे. द्राक्षात आणि कांद्यात पहिला नंबर मिरवणाऱ्या जिल्ह्याने हा नंबर मात्र चटकन विसरून टाकला. विसरायला कारणे लागतात, आणि ती स्टाफरूमपासून संस्थेच्या सभेपर्यंत तयारच असतात.

पहिले कारण: ‘पोरांना एजंटांनी फसवलं.’ यात थोडे तथ्य आहे. 2 मे 2012पासून खासगी शाळांतल्या भरतीवर निर्बंध आले आणि डीएड झालेल्यांची ऐन उमेदीची वर्षे वाट पाहण्यात गेली. पण फसवणूक म्हणजे पैसे घेऊन माल न देणे. इथे माल घरपोच मिळाला. 19 जानेवारी 2020च्या परीक्षेत काही उमेदवारांना उत्तरपत्रिका कोरी ठेवायला सांगितले होते आणि गोल नंतर रंगवले गेले. उरलेल्यांना निकालानंतर फेरतपासणीचा अर्ज करायला लावून गुण वाढवले, असे पुणे सायबर पोलिसांच्या तपासात पुढे आले. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दीडशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. डोळे मिटून गोल रंगवले तरी सरासरी पस्तीस-चाळीस गुण पदरात पडतात. असे असताना जो कोरा कागद देऊन उठला, त्याला आपण काय विकत घेतो आहोत हे कळत नव्हते?

दुसरे कारण जास्त चलाख आहे. ‘टीईटीनं कुठं शिक्षक घडतो? पास न होणारेही उत्तम शिकवतात.’ शिकवत असतील. मग परीक्षेविरुद्ध उघड लढा. चोरवाटेने पास झालेल्याने परीक्षेच्या निरर्थकतेवर बोलू नये. शिवाय ही परीक्षा आता टळणारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025च्या निकालात, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा बाकी आहे अशा जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले. वीस-पंचवीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या, बालमानसशास्त्राचे गाइड पन्नाशीत हातात घेतलेल्या बाईंना आपण काय सांगणार? की तुमच्या आधी काहींनी कोऱ्या कागदावर पात्रता मिळवली आणि ते प्रकरण आम्ही उकरायचे नाही असे ठरवले?

तिसरे: ‘शिक्षण खात्यानंच शोधून कारवाई केली ना, मग झालं!’ नाही, खात्याने शोधले नव्हते. डिसेंबर 2021मध्ये पोलीस म्हाडाच्या भरती परीक्षेच्या पेपरफुटीचा माग काढत होते. जी. ए. सॉफ्टवेअर या कंपनीच्या प्रीतीश देशमुखच्या घरझडतीत टीईटीची प्रवेशपत्रे हाती लागली आणि तिथून धागा थेट टीईटी घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्त तुकाराम सुपे यांच्यापर्यंत गेला. त्यांना अटक झाली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण जवळपास साडेसोळा हजार उत्तीर्णांपैकी निम्म्याच्या आसपास बनावट निघावेत आणि दुसऱ्याच परीक्षेचा तपास त्या दारावर जाऊन थडकेपर्यंत परिषदेत कुणाला सुगावा नसावा, याला दक्षता म्हणत नाहीत.

आता शेवटचे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण: ‘यादीतले सगळे काही नोकरीत नव्हते.’ बरोबर. मग किती होते, ते सांगा. अनुदानित शाळेत शिक्षक एका रात्रीत उगवत नाही. संस्था प्रस्ताव पाठवते, शिक्षणाधिकारी वैयक्तिक मान्यता देतात, उपसंचालक कार्यालयातून शालार्थ आयडी मिळतो, तेव्हा कुठे पगार सुरू होतो. प्रत्येक टेबलावर टीईटीचे प्रमाणपत्र समोर असते आणि प्रत्येक टेबलावर सही होते. 2022ची कारवाई उमेदवारांवर थांबली: 7,874 जणांचे निकाल रद्द, पुढच्या परीक्षांना कायमची बंदी. परिषदेत बसून गुण बदलल्याचा ठपका ज्यांच्यावर आहे, ते पोलिसांच्या हाती लागले. या दोन टोकांच्या मधली टेबले मात्र तशीच राहिली. ज्याने प्रमाणपत्राची पडताळणी न करता मान्यता दिली तो लबाड असेलच असे नाही, निव्वळ आळशीही असेल. पण कोण काय होता, हे फाइल उघडल्याशिवाय कळायचे नाही, आणि झाकपाक म्हणतात ती बहुधा हीच: काही लपवायचे नाही, फक्त फाइल मागवायची नाही.

पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या एखाद्या दोन शिक्षकी शाळेत त्यातला एक बनावट पात्रतेचा निघाला, तर तिथल्या पोरांचे अर्धे शिक्षण गेले. शहरातली मुले क्लास लावतात. तिथे क्लास नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे आपल्याच जिल्ह्यातले, मालेगावचे. त्यांनी नाशिकच्या 1,154 नावांपैकी किती जणांना वैयक्तिक मान्यता मिळाली, कोणत्या तारखेला, आणि मान्यतेच्या पत्रावर कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे, एवढे तीन रकाने जिल्हा परिषदेच्या सूचनाफलकावर लावायला सांगावेत.