बाळाची पहाट

कुकटपल्लीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते पहाटे पाच वाजता लिहिल्याचे त्यांनी वरच नमूद केले आहे. नऊ महिन्यांचे बाळ रात्री आठला झोपते आणि पावणेपाचला टक्क जागे होते. जानेवारीत तेच बाळ साडेसहापर्यंत गाढ झोपत असे. यजमानांचे काम अमेरिकेच्या वेळेशी बांधलेले, त्यामुळे ते रात्री दोनला अंथरुणाला पाठ टेकतात. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून या बाई बाळाला दिवाणखान्यात आणतात, दिवे लावतात, खेळणी मांडतात आणि साडेआठला स्वतः कामावर निघतात. शेजारणींनी दात, दृष्ट आणि लाड अशी तीन निदाने केली आहेत. औषधांच्या दुकानात कोणी सर्दीवरचे गुंगीचे औषध सुचविले. ‘ते द्यावे का?’ या प्रश्नाने पत्र संपते.

त्याचे उत्तर आधी देते. देऊ नये. अशा औषधांपैकी प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील बाळाला दिल्यास श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. पूर्वी बाळगोळीतून अफू देऊन आया कामावर जात. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढेही या प्रथेविषयी साक्षी झाल्या होत्या. त्या आयांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण त्यांना दुसरा मार्गच नव्हता. आपल्याला आहे.

जानेवारी आणि मे यांतील फरक पत्रातच आला आहे, मात्र तो कोणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. हैदराबादेत जानेवारीच्या मध्यास सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो. मेअखेरीस पाच चाळीसला. त्याआधी वीस-पंचवीस मिनिटे चांगले फटफटलेले असते. पुण्यापेक्षा येथे सूर्योदय सुमारे पाव तास अगोदर होतो, ही आणखी एक भर. उत्तररात्री झोपेची भूक बरीचशी भागलेली असते, झोप पातळ झालेली असते, आणि अशा वेळी खिडकीतली फिकट रेघ किंवा शेजारची पाण्याची मोटारही बाळाला पुरते. शिवाय सकाळचा उजेड डोळ्यांवाटे मेंदूतील घड्याळाला ‘दिवस सुरू झाला’ असे सांगतो आणि उद्याची जाग अलीकडे ओढतो. (याच शरीरातील घड्याळाच्या संशोधनासाठी हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळाले, त्यांनी ते शोधले फळमाशीत!) घर घेताना पूर्वेकडची खोली आपण हौसेने मागून घेतो. तिची किंमत बाळ पहाटे वसूल करते.

तेव्हा पहिले काम खिडकीचे. जाड पडदा, तो नसेल तर जुनी सोलापुरी चादर खिडकीच्या चौकटीला पक्की बांधावी. पाळण्यावर मात्र चादर टाकून अंधार करू नये. आत उष्मा कोंडतो आणि गुदमरण्याचे भय असते. पंख्याची संथ घरघर बाहेरचे आवाज झाकते.

दुसरे काम अधिक कठीण आहे. बाळ उठताच दिवा, खेळणी आणि आईचा हसरा चेहरा मिळत असेल तर पावणेपाच ही त्याच्या दृष्टीने दिवसातील सर्वांत रम्य वेळ ठरते. ते भुकेले असेल तर अवश्य पाजावे, पण अंधारातच, न बोलता, आणि पुन्हा आडवे करावे. मोबाइलचा उजेडसुद्धा नको. नुसते कुरकुरत असेल तर चार-पाच मिनिटे थांबून पाहावे. पुष्कळदा ते झोपेतच कुरकुरत असते. दिवस सहाला सुरू होतो, असे घराने ठरवावे आणि सहा वाजताच पडदा सरकवावा.

पत्रात दिवसाच्या झोपाही लिहिल्या आहेत, हे फार बरे केले. सकाळी साडेसहा ते पावणेआठ आणि दुपारी दीड तास. रात्रीचे पावणेनऊ तास धरून साडेअकरा होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या वयाला बारा ते सोळा तास सांगितले आहेत, म्हणजे बाळाची झोप थोडी उणीच पडते. साडेसहाची डुलकी ही वस्तुतः रात्रीचाच उरलेला तुकडा आहे. ती दर दोन-तीन दिवसांनी दहा मिनिटे पुढे ढकलावी, म्हणजे तो तुकडा हळूहळू रात्रीला जोडला जातो. ‘रात्री दहापर्यंत जागवा, मग उठेल उशिरा’ हा सल्ला सर्वत्र मिळतो. त्याने बहुधा बाळ तितक्याच वाजता उठते, फक्त अधिक किरकिरे. उलट काही दिवस साडेसातला निजवून पाहावे. बाळ घोरत असेल, कान ओढत असेल किंवा वजन वाढत नसेल तर मात्र हे सारे बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतील, आणि तोवर पहाट एकट्या आईने काढायची हे मला मान्य नाही. यजमानांच्या सुटीच्या दोन दिवशी पहाटेचे बाळ त्यांचे. पुढील महिन्यात सासूबाई नांदेडहून येणार आहेत असे पत्रात आहे. त्या साडेचारला उठतातच. घरात त्या वेळी आनंदाने जाग्या असणाऱ्या दोनच व्यक्ती, आजी आणि नातू! सहापर्यंत मोठा दिवा लावू नका आणि भूपाळी मनातल्या मनात म्हणा, एवढी विनंती त्यांना आदराने करावी. आईने दार लोटून घ्यावे आणि झोपावे. इतके करूनही मन सतत उदास राहिले, बाळाजवळ असताना रडू कोसळू लागले, तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जाण्यास लाजू नये. बाळंतपणानंतरच्या वर्षात हा आजार पुष्कळ स्त्रियांना होतो आणि तो बरा होतो.

आजपासून आठ दिवस बाळाच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मांडून मला कळवा. पत्र पहाटे लिहू नका.