गुरुजी वर्ग सोडतात तेव्हा

वर्ग सोडून दुसरा व्यवसाय धरणाऱ्या शिक्षकास विद्यादानाशी प्रतारणा करणारा ठरविण्याची चाल आपल्या समाजात पडली आहे. आम्हांस ती मुळीच मान्य नाही. लोकमान्यांनी मतभेदांमुळे १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. गोखल्यांनी १९०२ साली फर्गसन कॉलेजचा निरोप घेतला व १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला. त्यांस धर्मभ्रष्ट म्हणण्याची कोणाची छाती आहे?

मग वेतन महिनोन्‌महिने तुंबले म्हणून गावच्या गुरुजींनी विम्याचे काम पत्करले, तर तेवढ्यानेच धर्म कसा बुडतो? राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकांस दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्यातून शिक्षक वगळलेला नाही.

मुलांचे नुकसान होते, हे खरे. परंतु पहिला करारभंग कोणाचा? सभामंडपास संगमरवर बसवावयास निधी जमतो; गुरुपौर्णिमेस शाल-श्रीफळही निघते; वेतनाच्या दिवशी मात्र तिजोरीची किल्ली सापडत नाही! दक्षिणा बुडविणाऱ्या यजमानाने पुरोहितास बोल लावू नये. शाळा चालविणाऱ्या महाजनांनी आधी स्वतःची वही तपासावी. गुरुजींचा न्यायनिवाडा मागाहून करावा.