अंकांच्या तराजूत माणूस

गुन्हेगाराचे मन गणिताने मोजता येते, असा दावा आज मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. आम्ही गणिताचे वैरी नाही. तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा आकड्यांचा साधा ठोकताळाही पुष्कळदा सरस ठरतो, हे पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच दाखवून दिले. तेव्हा तज्ज्ञांच्या अंतर्ज्ञानाचे गोडवे गाण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. अमेरिकेतील अनेक न्यायालयांत वापरली गेलेली 'कॉम्पस' ही संगणकीय प्रणाली पाहा. १३७ प्रश्नांच्या प्रश्नावलीतून ती आरोपीला १ ते १० पर्यंत धोक्याचा अंक देते. मात्र केवळ वय आणि पूर्वीच्या शिक्षांची संख्या या दोनच गोष्टींवरून जवळजवळ तितकेच अचूक भाकीत करता येते, असे २०१८ साली संशोधकांना आढळले. मग ज्या मनाचा ठाव घेतल्याचा एवढा गवगवा झाला, ते मन गेले कोठे?

२०१६ साली 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्याच्या नोंदी तपासल्या. पुढे गुन्ह्याची नोंद न झालेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांवर धोकादायक असल्याचा शिक्का बसला होता; गोऱ्यांत हे प्रमाण सुमारे साडेतेवीस टक्के होते. उत्पादकांचे उत्तर असे, की समान अंकाचा अर्थ दोन्ही वर्णांत समानच असतो. भाकीत अचूक नसेल आणि दोन गटांतील पुनर्गुन्ह्याचे प्रमाण भिन्न असेल, तर न्याय्यतेच्या या दोन्ही कसोट्या एकाच वेळी साधत नाहीत, हे गणितानेच सिद्ध केले आहे. यांतली कोणती निवडावी, हे मात्र गणित सांगत नाही. तो विवेकाचा प्रश्न आहे, आणि विवेक यंत्राकडे गहाण ठेवता येत नाही.

विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१६ साली एका आरोपीने विचारले, की हा अंक कसा काढला? ते व्यापारी गुपित होते! न्यायालयाने सावधगिरीच्या सूचना दिल्या, पण वापर चालू ठेवला. ज्या साक्षीदाराची उलटतपासणी करता येत नाही, त्याची साक्ष आम्ही कोणत्या तोंडाने ग्राह्य मानावी?

गटावरून व्यक्तीला तोलण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच संशयित ठरवल्या. १९५२ साली तो रद्द झाला, तरी कलंक पुसला गेला नाही. त्या वेळी यादी सरकारी दप्तरात होती, एवढाच काय तो फरक.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. सूत्र उघड असावे, आरोपीला ते खोडून काढता यावे, आणि अंकाचा उपयोग कोणाला मदतीची गरज आहे हे जाणण्यासाठी व्हावा, शिक्षा वाढवण्यासाठी नव्हे. शंभरांपैकी साठ जण पुन्हा गुन्हा करतील, असे गणित सांगू शकेल. परंतु न्यायाधीशापुढे उभा असलेला माणूस उरलेल्या चाळिसांतला आहे की नाही, हे त्याला सांगता येत नाही. आणि न्याय तर त्या एकाचाच करावयाचा असतो.